तो तिचं नाव कधी घेणार? एका देवदूत-मालिकेच्या शेवटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

लेखिका अमळनेर तालुक्यातली, वय २३, बी.एड. करणारी. मोबाइलवर कथा वाचायच्या एका ॲपवर ती तीन वर्षं एक अलौकिक प्रेमकथा लिहीत होती. भुसावळची एक मुलगी आणि एक देवदूत. तीन भाग पूर्ण झाले होते, चौथा शेवटचा. वाचणाऱ्या बहुतेक शाळा-कॉलेजातल्या मुली. मी तिची दहावीची मराठीची शिक्षिका. पहिल्या भागापासून प्रत्येक प्रकरण ॲपवर जाण्याआधी माझ्याकडे यायचं. ओळख लागू नये म्हणून माणसांचे काही तपशील बदलले आहेत. कथेतले प्रसंग मात्र तिला विचारून, आहेत तसे सांगते आहे.

कथा थोडी सांगावीच लागेल. मुक्ता सतरा वर्षांची, आजीकडे राहून बारावी करते. भुसावळच्या फलाटावर मालगाडी धडधडत येत असताना तिचा तोल जातो आणि एक मुलगा तिला मागे ओढतो. मेच्या उन्हात फलाटाबाहेर आल्यावर तिच्या लक्षात येतं, की या मुलाला सावली नाही. त्याला नावही नाही. ती त्याला ‘पाखरू’ म्हणायला लागते आणि चारही भाग तो पाखरूच राहतो.

पहिल्या भागात लेखिकेने तीन नियम घातले. देवदूताची सावली पडत नाही. तो मुक्ताचं नाव उच्चारत नाही. आणि तिला वाचवताना दर वेळी त्याच्या पंखाचं एक पीस गळतं, त्याच क्षणी दुसरीकडे कुणाचं तरी वाचणं राहून जातं. तिसरा नियम वाचला तेव्हा मी तिला फोन करून शाबासकी दिली होती. वीस वर्षांच्या मुलीला हे सुचावं, याचा मला शिक्षिका म्हणून फार अभिमान वाटला. प्रेमाची किंमत दुसरं कुणी मोजतं आहे, हे त्या एका ओळीत आलं होतं.

देवदूत खान्देशात कशाला, गंधर्व किंवा यक्ष का नाही, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. भुसावळ रेल्वेचं गाव. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी ख्रिस्ती कुटुंबं आहेत, नाताळ आहे, चर्च आहे. आणि फरिश्ते तर आपल्या शेजारच्या प्रत्येक मुसलमान घरात ठाऊक असतात. दोन खांद्यांवर बसून माणसाचं बरंवाईट लिहून घेणारे किरामन कातिबीन मला लहानपणी शेजारच्या खालाकडूनच कळले. लेखिकेने एक पथ्य मात्र पाळलं. जिब्राईल, मिकाईल ही नावं लोकांच्या श्रद्धेची आहेत, ती प्रेमकथेत आणायची नाहीत, हे तिनेच ठरवलं होतं. पाखरू म्हणूनच बिननावाचा.

तिसरा भाग संपतो तेव्हा पाखरू मुक्ताला अकराव्यांदा वाचवतो. पंखात एकच पीस उरतं. आणि सकाळी कळतं, की त्याच रात्री तिची जिवाभावाची मैत्रीण सायली गेली.

अडचण

चौथा भाग एप्रिलमध्ये लिहून झाला. शेवटची सहा प्रकरणं मी एका बैठकीत वाचली आणि संध्याकाळपर्यंत तिला फोन केला नाही. काय सांगावं कळेना.

त्या खर्ड्यात सगळ्यांत वरचा देवदूत प्रसन्न होतो, पाखरूला माणूस करतो, सायलीला परत आणतो, आणि भुसावळला मांडव पडतो. आजी मुक्ताच्या हातावर मेंदी काढते ते पान खरंच सुंदर होतं. पण वाचून संपल्यावर मला काहीच वाटलं नाही. तीन वर्षं ज्या मुलीसाठी मी हळहळले, तिच्या लग्नात मी परकी होते.

तेवढ्यात दुसरी अडचण आली. ॲपवाल्यांकडून तिला निरोप आला, की मालिका संपवू नका, पाचवा भाग काढा. वाचक नाणी मोजून पुढचं प्रकरण उघडतात, त्यातला वाटा लेखिकेला मिळतो. तिच्या कॉलेजची फी त्यातून जात होती. हा मोह नव्हता, घरची गरज होती, आणि शेवट चांगला-वाईट ठरवताना ती बाजूला ठेवून बोलणं मला जमणार नव्हतं.

तिसरी अडचण आम्हा दोघींच्याही नजरेतून सुटली होती. ती पुढे येईल.

रविवारचं वाचन

माझ्या आग्रहावरून खर्डा सात मुलींना वाचायला दिला. शाळेच्या ग्रंथालयात, मेच्या पहिल्या रविवारी, कूलरचं पाणी दोनदा भरावं लागलं असा तो दिवस. लेखिका मागच्या बाकावर बसली होती. तिने काही बोलायचं नाही, खुलासा करायचा नाही, एवढीच अट.

मुली पहिल्यांदा छान छान म्हणाल्या. मग अकरावीतली एक, तोवर गप्प बसलेली, हातातल्या पानाचा कोपरा दुमडत म्हणाली, “सायली परत आली ते नाही आवडलं.” मी विचारलं, का गं? तिने कोपरा उलगडला, परत दुमडला. “माझा भाऊ दोन वर्षांपूर्वी हायवेवर गेला. तिसरा भाग मी चार वेळा वाचला, कारण त्यात मुक्ता सायलीच्या घरी जाऊन तिच्या आईसोबत भाकरी थापते आणि काहीच बोलत नाही. आम्ही पण असंच केलं होतं. आता सायली आलीच, तर ते सगळं खोटं होतं ना, मॅडम?”

कुणी काही बोललं नाही. मागच्या बाकावर लेखिका वहीत मान घालून बसली होती.

दुसरी मुलगी धुळ्याची, सुट्टीत मावशीकडे आलेली. तिचा प्रश्न साधा होता : “पण तो तिचं नाव कधी घेणार?” आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पहिल्या भागात ठळकपणे घातलेला नियम, आणि शेवटच्या भागात लेखिका तो विसरली होती. लग्नाच्या प्रकरणात पाखरूने तिला दोनदा सहज ‘मुक्ता’ अशी हाक मारली होती. मी ती पानं तपासली होती. माझ्याही डोळ्यांखालून ते गेलं होतं.

घरी परतताना लेखिका एवढंच म्हणाली, “ताई, त्यांना माझ्यापेक्षा जास्त आठवतंय.”

समोर असलेले पर्याय

पुढचे दहा दिवस आम्ही रोज संध्याकाळी बोललो. चार वाटा होत्या.

पाचवा भाग काढायचा. पैशाच्या दृष्टीने हाच सोपा. पण एकच पीस उरलंय हे वाचकांनी मोजलेलं होतं. आता आणखी पिसं आणायची तर कुठून? मी तिला सांगितलं, की फी भरायची असेल तर दुसरी मालिका सुरू कर, याच मुलींना धरून ठेवू नकोस. बोलायला मला सोपं होतं. ती रात्रभर विचार करत होती, हे मला नंतर तिच्या आईने सांगितलं.

आठवण पुसायची. पाखरू जातो, मुक्ता सगळं विसरते. अशा कथांमध्ये हे पुष्कळदा होतं. तिने दोन दिवसांत हा पर्याय खोडला. मुक्ता विसरली तर सायलीला आठवणार कोण, हा तिचा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुक्तानेच देवदूत व्हायचं. हे तिला फार आवडलं होतं. तिने खर्डाही लिहिला. वैशाखातलं वादळ, चांगदेवजवळचा तापी-पूर्णेचा संगम, कडाडून वीज पडते आणि मुक्ता दिसेनाशी होते. खान्देशातल्या वाचकाला त्यामागचं सांगावं लागत नाही. मुक्ताबाई शके १२१९ च्या, म्हणजे इ.स. १२९७ च्या वैशाखात तापीकाठी विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली ही आमच्याकडची श्रद्धा, आणि मुक्ताईनगर भुसावळहून जवळच. नायिकेचं नाव पहिल्या ओळीपासून मुक्ता होतं, म्हणजे तिने हे कुठेतरी आधीच धरलं असणार. मलाही खर्डा भावला. स्वर्गातल्याचं आणि माणसाचं प्रेम अटींवर उभं राहतं आणि विजेने मोडतं, ही आपली जुनी गोष्ट. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात उर्वशी-पुरूरव्याचा संवाद आहे. शतपथ ब्राह्मणात ती कथा सविस्तर येते, तिथे गंधर्व वीज चमकवतात, त्या उजेडात अट मोडते आणि उर्वशी निघून जाते. हे मी उत्साहाने तिला सांगितलं, आणि तिचा निर्णय माझ्या या उत्साहामुळे आठवडाभर चुकीच्या दिशेला गेला. ती चूक माझी.

थांबवलं तिच्या आजोबांनी. माळकरी माणूस, मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला चालत गेलेले. तिने त्यांना ते प्रकरण वाचून दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “बेटा, मुक्ताई गेली ती तिची ती गेली. तुझ्या पोरीला कशाला तिच्या मागे पाठवतेस? तिची बारावी व्हायची आहे ना?” मी हे ऐकलं तेव्हा हसू आलं, आणि मग लक्षात आलं, की मालिकेच्या मुळावरच त्यांनी बोट ठेवलंय. मुक्ता हवी होती ती जमिनीवर.

चौथी वाट, पाखरूने माणूस व्हायचं, पण फुकट नाही. किंमत कोण आणि कशी देणार, हे मात्र अजून कळत नव्हतं.

निर्णयाचे क्षण

पहिला क्षण एका शब्दापाशी आला. मी शाळेत समास शिकवते, म्हणून असेल. मी तिला ‘देवदूत’ फोडून लिहायला सांगितलं. देवाचा दूत. इंग्रजीतला ‘एंजल’ ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ निरोप आणणारा, आणि हिब्रू ‘मलाख’चाही तोच. दूत म्हटला की निरोप आला. मग पाखरूचा निरोप कुठे आहे? तीन भागांत त्याने पंख दाखवले, वाचवलं, रडला, रागावला. निरोप एकदाही सांगितला नाही.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, त्या दिवशी फलाटावर तो वाचवायला आलाच नव्हता.”

सगळं इथून सुटत गेलं. तो आला होता मुक्ताला निरोप द्यायला, की तुझी वेळ झाली. निरोपाचा पहिला शब्द म्हणजे जिला द्यायचा तिचं नाव. नाव उच्चारलं की निरोप पोचला. म्हणून तो तिचं नाव घेत नाही! नियम तीन वर्षांपूर्वीचा होता, कारण आज सापडलं. आणि तो दडवलेला निरोप दर वेळी दुसऱ्याच्या दारात जात होता. अकरावं दार सायलीचं. मागचं एक अक्षरही न बदलता हे बसलं. तिने एक रात्र जागून तिन्ही भाग परत वाचले, कुठे अडतंय का पाहायला. एका ठिकाणी अडलं, ते असं.

पहिल्या भागात पाखरू म्हणतो, “मी तुला जन्मापासून पाहतोय.” तेव्हा वाचकांना हे वाक्य फार आवडलं होतं. माझ्या एका सहकारी बाईंनी ते वाचून विचारलं, की शेकडो वर्षं वयाचा कुणी एका मुलीला पाळण्यापासून बघत राहतो, हे प्रेम म्हणून मुलींसमोर ठेवायचं का? हीच ती सुटलेली अडचण. ॲपवर जुनं प्रकरण बदलता येतं. वाक्य खोडून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. लेखिका म्हणाली, त्यांनी वाचलंय, काहींनी वहीत उतरवून घेतलंय, मी खोडलं तरी ते राहणारच. मग तिने मुक्तालाच बोलायला लावलं. शेवटून तिसऱ्या प्रकरणात ती पाखरूला म्हणते : “तू पाहत होतास. मला विचारलं होतंस का? वाचवायचं का, तेही नाही विचारलंस. माझ्या नावावर अकरा माणसं गेली आणि मला त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत.” ती त्याच्याकडून अकरा नावं मागून घेते. माझ्या मते अख्ख्या मालिकेतलं सर्वांत चांगलं पान हे आहे, आणि ते एका चुकीतून आलं.

आता शेवटचा पेच. निरोप पोचला तर मुक्ता जाते. न पोचला तर आणखी कुणीतरी जातं. दोन्ही नको. वीज आजोबांनी काढून घेतली होती.

उत्तर एका जुन्या तक्रारीत होतं. पहिला भाग आला तेव्हा जळगावच्या, विज्ञान शाखेतल्या एका मुलीने लेखिकेला लिहिलं होतं, की मेच्या शेवटी आपल्याकडे एक दिवस भरदुपारी कुणाचीच सावली पडत नाही, मग त्या दिवशी देवदूत ओळखायचा कसा? लेखिकेला तेव्हा ती खोडी वाटली होती. तक्रार बरोबर होती. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात वर्षातून दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो. भुसावळ-जळगाव २१ अक्षांशांच्या आसपास, म्हणून आपल्याकडे पहिला शून्य सावलीचा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात पडतो, साडेबाराला थोडी कमी असताना. शाळेच्या मैदानावर आम्ही मुलांना उभी बाटली ठेवून दाखवतो. सावली आक्रसत आक्रसत बुडाखाली जाते, पोरं श्वास धरून बघतात, आणि मिनिटभरात ती दुसऱ्या बाजूने डोकावते.

मी तिला मैदानावर बोलावलं. योगायोगाने तो दिवस चारच दिवसांवर होता. उन्हाने डोळे उघडवत नव्हते, तिने ओढणी डोक्यावर घेतली होती, मग ओढणीची सावली नको म्हणून काढली. बाटलीजवळ उभी राहून ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती. सावली पायांखाली गेली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला.

काय लिहिलं

संगमाच्या वाळूत, शून्य सावलीच्या दुपारी, मुक्ता त्याला सांगते, निरोप दे. आजवर त्याने ठरवलं, आज ती ठरवते. तो शेवटचं पीस स्वतः उपटतो. ते गळत नाही, तो उपटतो, हा फरक लेखिकेने जपला. बिनसावलीच्याने सावलीवालीला निरोप द्यायचा, असा निरोपाचा कायदा आहे. त्या एका मिनिटात सावली कुणालाच नाही. दूत कोण आणि माणूस कोण, हे निरोपाला कळत नाही. पाखरू तिचं नाव घेतो. पहिल्यांदा. निरोप पोचतो, तिला आणि त्याला दोघांनाही, म्हणजे दोघंही आता कधीतरी मरणार, सगळ्यांसारखी. मग वाळूवर पायांपासून हळूहळू दोन काळे पट्टे सरकायला लागतात. दोन.

सायली येत नाही. मुक्ता तिच्या आईकडे परत जाते, या वेळी बोलते.

पंखांच्या जागी पाठीवर दोन वण राहिलेला हा मुलगा पुढे करणार काय, यावर आमचा दोन दिवस वाद झाला. मला तो शाळेत जायला हवा होता. ती म्हणाली, ज्याचा जन्मदाखला नाही त्याला शाळेत कोण घेईल? तिने त्याला सावद्याला केळी भरायच्या कामावर लावलं. तिसऱ्या भागात ती दोघं अजिंठ्याला जातात. सतराव्या लेण्यात आकाशातून येणारा इंद्र आणि त्याच्यासोबतच्या अप्सरा आहेत. पंख कुणालाच नाहीत. दुमडलेला गुडघा आणि मागे उडणारं वस्त्र, एवढ्यावर चितारणाऱ्याने त्यांना उडवलंय. तिथे पाखरू म्हणतो, यांना पंख लागत नाहीत, मला लागतात. शेवटच्या प्रकरणात तो खांद्यावर केळीचा घड घेऊन फळीवरून वॅगनमध्ये चढतो. गुडघा दुमडलेला, गळ्यातला पंचा वाऱ्याने मागे फडफडतोय. मुक्ता पुलावरून बघते. लेखिका अजिंठ्याचं नावही तिथे घेत नाही. मी घ्यायला सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही आणि बरं केलं.

लग्न नाही. मुक्ता जळगावला कॉलेजात जाते, त्याला सांगते, वर्षभराने ये, चालत ये, आणि विचार. पहिल्या भागात आजीने दारात त्याला विचारलं होतं, “तू कोन शे रे भाऊ?” आणि त्याला उत्तर देता आलं नव्हतं. वर्षाने दार वाजतं. आजी आतून विचारते, कोण? “मी आठेच शे,” तो म्हणतो, मी इथेच आहे. चारही भाग पुस्तकी मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी अहिराणीचं हे पहिलं वाक्य. मग तो मुक्ताला हाक मारतो. कथा त्या हाकेवर थांबते.

निष्पत्ती

मालिका आषाढात पूर्ण झाली, ठरल्यापेक्षा दोन महिने उशिरा. पाचवा भाग नाही म्हटल्यावर ॲपवर ती पहिल्या पानावर दिसेनाशी झाली आणि त्या तिमाहीचे पैसे निम्म्याहून कमी आले. फी तिने शिकवण्या घेऊन भरली. हे लिहिताना मला वाईट वाटतं. चांगला शेवट तिला महाग पडला.

काही वाचक नाराज झाल्या. त्यांना पंखांचा पाखरू हवा होता, केळी भरणारा नाही. एकीने लिहिलं, देवदूताला हमाल केलंत. लेखिकेने तिला लांबलचक उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं. त्यात तिच्या वडिलांबद्दल होतं. ते बाजार समितीत हमाली करतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. उत्तर तिने पाठवलं.

भाऊ गेलेल्या मुलीने शेवटची प्रकरणं वाचून मला फक्त एक फोटो पाठवला. वहीचं पान, त्यावर अकरा नावं उतरवलेली, कथेतली. खाली बारावं नाव, तिच्या भावाचं.

पुन्हा करायचं झालं तर

सात मुलींचं वाचन तिसऱ्या भागाच्या आधी करायला हवं होतं. नियमांची वही आम्ही ठेवली नव्हती, सगळं लेखिकेच्या आणि माझ्या आठवणीवर. ‘नाव घेत नाही’ हा नियम खर्ड्यात मोडला गेला तो त्यामुळेच. आता तिच्या टेबलावर वही आहे. डाव्या पानावर कथेने वाचकाला दिलेला शब्द, उजव्या पानावर तो कुठे पाळला त्या प्रकरणाचा आकडा, आणि जिथे आकडा नाही ती जागा लाल.

दुसरा एक दोष तसाच राहिला. दुसऱ्या भागात खाली उतरलेल्या देवदूतांचा म्होरक्या येतो. हनोखाच्या (इंग्रजीत इनॉक) नावाने असलेल्या प्राचीन ज्यू ग्रंथात दोनशे पहारेकरी देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात आणि माणसांच्या मुलींशी लग्नं करतात, त्यावरून तिला तो सुचला. दोन भाग त्याची भीती घातली आणि चौथ्यात त्याला एका प्रकरणात गुंडाळलं. नाव, निरोप, सावली यांत आम्ही इतक्या रमलो, की त्याच्याकडे बघायचंच राहिलं. वाचकांनी विचारलं, त्याचं काय झालं? विचारणं रास्त होतं. त्याच्या मनातही कुणीतरी असणारच, तोही कुणासाठी तरी उतरला होता. ते एक पान हवं होतं.

आणि अकरांपैकी चौघांनाच कथेत चेहरे मिळाले. बाकी सातांची फक्त नावं आली. मुक्ताने नावं मागितली तेव्हा वाचकाला ती आधीपासून थोडी ओळखीची असती, तर ते पान आणखी जड झालं असतं. यातली एक रावेरची म्हातारी आहे, नातवाच्या आंघोळीचं पाणी तापवताना गेलेली. लेखिकेने परवा तिच्यावर नवी गोष्ट सुरू केली आहे. पहिलं पान माझ्याकडे आलंय. चूल पेटलेली आहे, पातेल्यावर झाकण नाही, आणि म्हातारी अजून जिवंत आहे.